पेशींतील बांधकाम आणि मोडकाम

आमच्या पुतण्याची कन्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत जीवशास्त्राचा अभ्यास करते. दिवाळीच्या सुटींत ती लातुरास आली असतां आम्हीं सहज विचारलें, "काय ग, सध्यां कसलें वाचन चाललें आहे?" ती म्हणाली, "आजोबा, जेल्सोलिनचें. प्रथिन माणसाचें, पण केलेलें प्रयोगशाळेंत." जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या आम्हांस हें नांव परकें, परंतु तिनें जें समजाविलें तें वाचकांच्याही घरीं पोंचावें असें वाटल्यावरून हा लेख.

आपल्या शरीरांतील पेशी म्हणजे नुसत्या रसाच्या पिशव्या नव्हेत. प्रत्येकींत अतिसूक्ष्म तंतूंचा सांगाडा असतो. त्याचें एक मुख्य द्रव्य म्हणजे अ‍ॅक्टिन. हंगेरींतील सेगेद येथें, सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेंत, स्ट्राउब यांनीं १९४२ च्या सुमारास तें स्नायूंतून वेगळें केलें. अ‍ॅक्टिनचे सुटे कण एकास एक जुळले कीं तंतु तयार होतो. मात्र हा सांगाडा आपल्या वाड्याच्या खांब-तुळयांसारखा एकदां उभारून पिढ्यान् पिढ्या ठेवावयाचा नसतो. जखमेकडे निघालेली पांढरी पेशी पुढें तंतु रचते व मागचे मोडते. तेव्हांच ती सरकते. जेल्सोलिन हें या मोडकामाचें एक हत्यार होय. तें अमेरिकेंत हेलन यिन व टॉमस स्टॉसेल यांनीं १९७९ सालीं उजेडांत आणलें. कॅल्शियम मिळतांच तें तंतु तोडतें आणि तुटल्या टोंकावर टोपीसारखें बसतें.

येथवर ऐकून आम्ही म्हणालों, "पोरी, याचा संसाराशीं काय संबंध?" तिनें जें उत्तर दिलें त्यानें आम्ही एकदम तीस वर्षें मागें गेलों.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमि हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. हजारों माणसें गेलीं. आम्ही मदतीस गेलों होतों. आमचा एक जुना विद्यार्थी ढिगाऱ्यांतून जिवंत निघाला, आमच्याशीं बोलला आणि तिसऱ्या दिवशीं गेला. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्यें रक्तांत मिसळून मूत्रपिंडें बंद पडलीं, असें डॉक्टर म्हणाले. जो दगडांतून सुटला तो असा कां जावा, हें तेव्हां आमच्या मनास उमगलें नाहीं.

नात म्हणाली, पेशी फुटल्या म्हणजे त्यांतील अ‍ॅक्टिनही रक्तांत सांडतें व तेथें त्याचे तंतु जुळूं लागतात. म्हणून निसर्गानें रक्तांतही जेल्सोलिन ठेवलें आहे. तें तंतु तोडतें आणि दुसरें एक प्रथिन सुटे कण उचलतें. भारी जखमांत हा सांठा खालावतो. ज्यांचा फार खालावतो त्यांची प्रकृति अधिक बिघडते, असें आढळलें आहे. त्या मुलास जेल्सोलिननें वांचविलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. चिरडलेल्या देहांत मूत्रपिंडांचा घात मुख्यतः स्नायूंतील दुसऱ्या द्रव्यानें होतो.

ही उणीव भरून काढावी म्हणून माणसाच्या जनुकाची प्रत जंतूंत घालून त्यांच्याकडून हें प्रथिन करवून घेतात. ही युक्ति आपल्या घरांत केव्हांच शिरली आहे. मधुमेहाचें मानवी इन्सुलिन याच रीतीनें होऊन अमेरिकेंत १९८२ सालीं मान्य झालें. वोक्हार्ट कंपनीनें २००३ सालीं तें भारतांत तयार करून विकावयास आणलें. जेल्सोलिनची गोष्ट मात्र निराळी. न्युमोनिया व कोविडच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या, परंतु लाभ निर्विवाद ठरला नाहीं. तेव्हां कोणी उद्यांच औषधाच्या दुकानांत चौकशी करूं नये.

आम्हीं आयुष्यभर मुलांस रचनेचेंच कौतुक शिकविलें. वेळीं मोडणें व मोडलेलें निस्तरणें हेंही जगण्याचेंच अंग आहे, हा धडा या वयांत नातीनें आम्हांस दिला. जातांना तिनें आपली वही आमच्यापाशीं ठेविली आहे. ती आम्ही रोज एक पान वाचतों.