फॉन्ड्यूचं भांडं घेताना

फॉन्ड्यू ही स्वित्झर्लंडची खासियत. मधोमध बर्नरवर भांडं, भोवती सगळं घर. लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून वितळलेल्या चीजमध्ये बुडवायचा. एका दस्तरखानावर बसणाऱ्या आपल्याला हे नवं नाही. मूळ कृतीत वाइन असते, आपण लिंबाचा रस आणि पाणी घ्यावं.

भांडं घेण्याआधी ठरवा, त्यात करणार काय? चीजसाठी जाड, पसरट मातीचं किंवा बिडाचं घ्या. पातळ पत्र्यात चीज करपतं. गोश्त तेलात तळायचं तर स्टीलचं, उंच, तोंडाशी अरुंद. मातीच्या भांड्यात तेल तापवू नका, तडकू शकतं. घरात लहान मुलं असतील तर तेलाचा फॉन्ड्यू नकोच, असं आम्ही म्हणू. आणि स्पिरिटचा बर्नर पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही, पाहुणे कितीही खोळंबले तरी.