विश्वासाचे तारण

बँकेत असताना कर्ज मागणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असे, ‘तारण काय?’ वसईकरांनी त्याचे उत्तर १९१८ सालीच दिले होते. महायुद्धाची महागाई आणि इन्फ्लुएन्झाची साथ अशा त्या वर्षी धर्मगुरू पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने येथील कॅथॉलिक समाजाने सहकारी पतसंस्था उभारली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. केळीच्या वाड्या आणि पानवेली राखणाऱ्यांकडे भांडवल ते किती? परंतु सहकारी पतसंस्थेची रीतच अशी, की थोडी थोडी शिल्लक एकत्र येते आणि शेजारी शेजाऱ्याला जामीन राहतो. देशउभारणीचा पहिला हप्ता सामान्य माणसे अशीच भरत आली. आज वसई-विरारच्या उंच इमारतींत शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते. जामीन राहण्याआधी ओळख हवी. आरंभ आपल्याच मजल्यावरून करू या.