स्मृतिभ्रंशाच्या कारणांचं जाळं

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश झाल्याचं कळलं, की डॉक्टरांना हटकून विचारलं जातं, ‘हे कशामुळे झालं?’ स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यापुरतं तरी विज्ञानाकडे अनेक वर्षं एक सुटसुटीत उत्तर होतं. मेंदूत अमिलॉइड हे प्रथिन साचतं आणि तिथून पुढची सगळी पडझड सुरू होते, असं हार्डी आणि हिगिन्स यांनी १९९२ मध्ये मांडलं. पुढची कितीतरी वर्षं आणि अफाट पैसा या एका उत्तरामागे गेला. अमिलॉइड हटवणारी औषधं एकामागून एक चाचण्यांत अपयशी ठरली. अलीकडे मान्यता मिळालेली लेकानेमॅब आणि डोनानेमॅबही घसरण थोडी लांबवतात, थांबवत नाहीत.

शवविच्छेदनं मात्र केव्हापासून वेगळं सांगत होती. शिकागोच्या रश विद्यापीठाच्या २००७ मधल्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या निम्म्याहून अधिक वृद्धांच्या मेंदूत एकापेक्षा जास्त बिघाड सापडले. त्यात अमिलॉइड आणि टाव ही प्रथिनं होती, तसेच रक्तपुरवठा तुटल्याचे जुने व्रणही होते. उलट, अमिलॉइड भरपूर असूनही शेवटपर्यंत शाबूत राहिलेली माणसंही होती.

संगणकीय मॉडेलं इथे कामी आली. आजार वीस-वीस वर्षं मुरतो आणि एकेका रुग्णाचे स्कॅन जेमतेम दोन-चार असतात. लंडनमध्ये विकसित झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सस्टेन’ या पद्धतीने असे विखुरलेले स्कॅन आजाराच्या क्रमाने लावले आणि त्यांतले वेगवेगळे गटही ओळखले. तीच पद्धत वापरून २०२१ मध्ये दिसलं, की मेंदूत टाव पसरण्याच्या एक नव्हे, चार तऱ्हा आहेत.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी केलेलं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांना एकत्र आणून त्यांनी अल्झायमरच्या कारणांचा नकाशा काढला. प्रत्येक कारण ही एक चौकट. तिच्यातून निघणारा बाण पुढची गोष्ट वाढवतो की घटवतो, हे त्यावर लिहायचं. ऐकू कमी येऊ लागलं की माणूस चारचौघांत बोलायचं टाळतो, एकटा पडतो, खचतो, त्याची झोप उडते. मेंदूतला अमिलॉइडचा निचरा गाढ झोपेत जास्त होतो, असं मानलं जातं. तो अडला की अमिलॉइड साचतं आणि झोप आणखी बिघडते. बाण फिरून झोपेच्याच चौकटीपाशी येतो. अशा चक्रात पहिलं कारण कोणतं, हे विचारण्यापेक्षा चक्र कुठे तोडता येईल हे शोधणं जास्त उपयोगाचं.

आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावर लक्ष अशा चार ठिकाणी एकदम हात घालून पाहणारी ‘फिंगर’ चाचणी फिनलंडमध्ये १२६० जणांवर झाली होती. २०१५ मध्ये आलेला तिचा निकाल माफक, पण खरा होता. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली. ती पूर्ण दूर झाली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्याचा अंदाज आहे. त्यात बहिरेपणा आहे, अपुरं शिक्षणही आहे.

आपल्यासाठी खरा प्रश्न इथेच सुरू होतो. मॉडेलं घडवताना सर्वाधिक वापरलेली माहिती अमेरिकेतल्या गोऱ्या, उच्चशिक्षित स्वयंसेवकांची आहे. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला. प्रमाण बायकांत, खेड्यांत आणि शाळा न पाहिलेल्यांत जास्त. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीच्या मेंदूत हे बाण तसेच चालतात का, हे बॉस्टनच्या प्राध्यापकाच्या स्कॅनवरून कळणार नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या खेड्यांमध्ये वर्षानुवर्षं त्याच माणसांची पुन्हा पुन्हा तपासणी करण्याचं काम हाती घेतलं आहे. तसं काम विदर्भ-मराठवाड्यातही व्हायला हवं, आणि लवकर.