तीनशे फूट एका दिवसात, तीन किलोमीटर सहा महिन्यांत

कुंडल परिसरात उसाच्या नाहीतर द्राक्षाच्या रानात बोअरची गाडी लागली, की माती, मुरूम आणि काळा पाषाण पार करून दिवस मावळायच्या आत तीनशे फूट गाठले जातात. कोयना खोऱ्यातल्या गोठणे गावी मात्र भूकंपांच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांना तीन किलोमीटर खाली जायला डिसेंबर २०१६ ते जून २०१७ एवढा काळ लागला. सरकारी काम म्हणून इतका वेळ, असं कुणालाही वाटेल.

कारण वेगळंच आहे. हत्यारं फारशी निराळी नाहीत. कऱ्हाडच्या बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेने या कामासाठी बोअरवाल्यांच्या ओळखीचा हवेवर चालणारा हॅमर आणि तेलविहिरींतली, चिखल फिरवून खोदण्याची पद्धत यांची सांगड घातली.

बोअरचं टोक लाकडात गिरमिट फिरावं तसं खडक कापत जातं, हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हॅमर तळाशी ठोके देतो, बिटावरची टंगस्टन कार्बाइडची बटणं दगड चिरडतात, आणि कंप्रेसरची हवा ती भुकटी वर फेकते. म्हणजे वेग जितका ठोक्यात, तितकाच सफाईत. खोल गेल्यावर भोकात पाणी शिरतं, हवेचा जोर अपुरा पडतो आणि भुकटी तळाशीच साचते. मग हिऱ्यांचं बिट आणि दाबाने फिरवलेला चिखल लागतो. तो बिट थंड ठेवतो, चुरा वर आणतो. पण बिट झिजलं की किलोमीटर-दोन किलोमीटर लांबीची रॉडांची माळ एकेक रॉड सोडवत बाहेर काढायची आणि पुन्हा सोडायची! त्यात केसिंग (भोकात बसवायचे पाइप), मोजमापं, खडकाचे नमुने. खोदाईचे तास त्यामानाने थोडेच.

खोल गेलं की पाणी लागतंच, हाही हट्ट जुना. दख्खनच्या बसाल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, पाणी मुरतं ते झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. त्याखालचा अखंड पाषाण बहुतेक ठिकाणी कोरडाच. गोठण्याला सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट संपल्यावर लागला तो अडीच अब्ज वर्षांहून जुना ग्रॅनाइटसारखा खडक.

‘असल्या भोकांमुळे भूकंप होतील’ ही भीती जास्त गंभीर आहे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप ज्यांनी अनुभवला, त्यांनी ती बाळगली तर नवल नाही. पण काही इंच रुंदीच्या भोकाने खडकातला ताण बदलत नाही. कोयनेचे धक्के धरणाच्या जलाशयाशी जोडले जातात, कारण पाण्याचा भार आणि भेगांत वाढणारा दाब मुळातच ताणलेल्या खडकाला सरकवतो. खोदाईनंतर दाबाने पाणी खाली ढकलणं ही मात्र वेगळी गोष्ट: स्वित्झर्लंडमधल्या बाझलला २००६ मध्ये त्यातूनच धक्के बसले आणि भू-औष्णिक प्रकल्प थांबवावा लागला. गोठण्याचं भोक मोजमापासाठी आहे, तारीख-वार सांगणाऱ्या भाकितासाठी नाही.

आता बिटाशिवाय खोदणाऱ्या ‘जादूच्या’ यंत्रांकडे. अमेरिकेतली क्वेझ ही कंपनी मिलिमीटर लहरींनी खडक वितळवून आणि वाफ करून उडवते. २०२५ मध्ये तिने टेक्सासच्या ग्रॅनाइटमध्ये शंभर मीटरपर्यंत मजल मारली. झिजायला बिटच नाही, हा तिचा मोठा फायदा. पण वाफ झालेला खडक गार होऊन राख बनतो आणि ती वायूच्या झोतानेच वर काढावी लागते. सफाईची कटकट इथेही सुटलेली नाही. उष्णता हा दुसरा पेच. रशियातल्या कोला इथे १२,२६२ मीटरवर १८० अंश सेल्सिअस तापमान लागलं आणि तिथेच खोदाई अडली. कोयनेत सहा किलोमीटरवर ११० ते १३० अंशांचा अंदाज आहे. त्या खोलीपर्यंतचा कऱ्हाडचा बेत आजही हॅमर आणि चिखल या जोडीवरच आखलेला आहे.