खलघाट : नर्मदातीरावरील एक लहानशी वस्ती



इंदूरहून महाराष्ट्राकडे येणाऱ्या भाविकांना धामनोद हे नाव परिचित आहे. मानपूरचा घाट उतरून रस्ता माळव्यातून निमाडात येतो, धामनोद ओलांडतो आणि थोड्याच अंतरावर नर्मदेच्या पुलाशी पोहोचतो. पुलाच्या उत्तर टोकाशी जी वस्ती आहे, ती खलघाट. धामनोद आणि धरमपुरी येथे नगर परिषदा आहेत. या दोहोंच्या सान्निध्यात असलेले खलघाट मात्र गावच राहिले. मैयाच्या पलीकडे खरगोन जिल्हा सुरू होतो. मुंबई–आग्रा महामार्गाने जाणाऱ्या बहुतेकांना या गावाची ओळख केवळ 'पूल आला' एवढीच असते. म्हणून त्याची थोडी माहिती येथे देत आहोत.

नर्मदा ओलांडण्याची जागा हेच या परिसराचे जुने महत्त्व होय. पूल नव्हते तेव्हा उताराच्या जागांवर फौजा, व्यापारी व यात्रेकरू अवलंबून असत. मराठी फौजांना परिचित असलेला अकबरपूरचा उतार याच पट्ट्यातला. 1728 च्या नोव्हेंबरमध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने नर्मदा ओलांडून, 29 तारखेस, आजच्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. पुढे धार व देवास येथे पवार घराण्यांची राज्ये स्थिर झाली आणि 1948 पर्यंत टिकली. मराठी माणसाचा माळव्याशी जडलेला संबंध असा नर्मदेच्या उतारांवरून गेलेला आहे.

परिक्रमावासीयांच्या दृष्टीने मात्र खलघाटचा अर्थ अगदी उलट आहे. जेथे सारे जग मैया ओलांडते, तेथे परिक्रमावासी ती ओलांडीत नाही. समुद्रसंगमापर्यंत जाऊन उत्तर तटाने परतणारा यात्रिक धरमपुरीच्या बेटावरील श्री बिल्वामृतेश्वराला वंदन करून खलघाटास येतो, पुलाकडे पाठ न वळवता पण त्यावर पाऊलही न ठेवता, मैयाला उजव्या हाती ठेवून महेश्वराकडे निघतो. वाहनांची गर्दी डोक्यावरून जात असते आणि काठावर शांतपणे पावले पडत असतात. कापूस-मिरची पिकविणाऱ्या, निमाडी बोलणाऱ्या या प्रदेशात अनोळखी यात्रिकालाही 'नर्मदे हर' म्हणून थांबविण्याची रीत आहे. सदावर्ताच्या या परंपरेवरच परिक्रमा चालते.

याच पुलाने एक दुःखही पाहिले. 18 जुलै 2022 रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्र राज्य परिवहनची बस कठडा तोडून नर्मदेत कोसळली आणि 12 जणांचा मृत्यू झाला. मदतीसाठी सर्वप्रथम धावले ते आसपासचे ग्रामस्थच. खानदेशातील कित्येक घरांत खलघाट हे नाव आता त्या दिवसाशी जोडलेले आहे.

म्हणून भाविकांना आमची नम्र विनंती आहे. या मार्गाने जाताना वेग आवरावा. शक्य झाल्यास पुलापाशी न थांबता गावात उतरून काठापर्यंत जावे. प्लास्टिक, निर्माल्य व जुनी वस्त्रे पात्रात टाकू नयेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मागे उरणारा कचरा या लहान गावालाच उचलावा लागतो. गेलेल्यांचे स्मरण करून मैयाला हात जोडावेत, आणि ज्या गावाने वाट दिली त्याचे नाव ध्यानात ठेवावे.