थरांची संधी

पदार्थाचे गुण पदार्थातच वसतात, अशी आपली रूढ समजूत आहे. धातूंच्या ऑक्साइडांच्या अतिपातळ पटलांनी तिला मुरड घातली आहे.

लॅन्थॅनम अ‍ॅल्युमिनेट व स्ट्राँशियम टायटॅनेट ही दोन्ही ऑक्साइडे वीजरोधक. परंतु दुसऱ्याच्या स्फटिकावर पहिल्याचे पटल थराथराने चढविले असता त्यांच्या सांध्यातून वीज वाहते, हे अकिरा ओहतोमो व हॅरोल्ड ह्वांग यांनी २००४ साली दाखविले. अट मात्र कडक. खालच्या स्फटिकाचा शेवटचा थर टायटॅनियम डायऑक्साइडचा हवा. मध्ये स्ट्राँशियम ऑक्साइडचा एक थर आला, की सांधा रोधकच राहतो. जाडीचेही तसेच. स्फटिकाच्या मूळ घटकांच्या तीन रांगांपर्यंत काही घडत नाही. चौथी चढताच, सुमारे दीड नॅनोमीटर जाडीला, वहन सुरू होते, असे २००६ साली आढळले.

वरच्या पटलातील थर आळीपाळीने धन व ऋण प्रभाराचे, खालचे उदासीन. थर वाढतात तसा विद्युत्‌दाब साचतो आणि इलेक्ट्रॉन सांध्याकडे सरकून तो उतरवितात, असे एक स्पष्टीकरण आहे. पटल घडविताना ऑक्सिजन अपुरा पडल्यास राहणाऱ्या रिक्त जागाही इलेक्ट्रॉन पुरवितात. म्हणून पटल कसे घडविले, याची नोंद गुणांच्या नोंदीइतकीच मोलाची.

व्याकरणाच्या अभ्यासकास हे अपरिचित नाही. ‘अ’पुढे ‘इ’ आली तर ‘ए’ होतो. ‘इ’पुढे ‘अ’ आला तर ‘य’. वर्ण तेच, क्रम बदलला, की फळ बदलते.