विश्लेषण : माळावर चरणारा भीमथडी नर नेमका कोणता, हे ओळखायचे कसे?

राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे. पुण्यात दरवर्षी भरणाऱ्या एका मोठ्या जत्रेला त्याच्या मुलखाचे नाव आहे. तरीही सासवडच्या पुढे, जेजुरी-मोरगाव-सुप्याच्या माळावर मेंढरांच्या मागे चालणारी चार-पाच ठेंगणी घोडी दिसली, तर बहुतेक पुणेकर ‘धनगरांची तट्टे’ म्हणून पुढे निघून जातात. भीमथडी या घोड्याला आता देशाच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला आहे. पण जातीला दर्जा मिळणे आणि त्या जातीतला एकेक नर ओळखून त्याची नोंद ठेवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम अवघड आहे आणि जातीचे भवितव्य त्यावरच ठरणार आहे. अमेरिकेतल्या मोकाट मस्टँग घोड्यांवर नजर ठेवणारे लोक हेच काम अनेक वर्षे करत आले आहेत. ते कसे करतात आणि त्यातले आपल्या उपयोगाचे काय, याविषयी...

भीमथडी घोडा म्हणजे कोणता?

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा नदीच्या खोऱ्यातला तो भीमथडी. ब्रिटिश काळात पुणे जिल्ह्यात याच नावाचा तालुकाही होता. या घोड्याला दख्खनी असेही म्हणतात. बाहेरून आलेल्या अरबी, तुर्की घोड्यांचा इथल्या तट्टांशी संकर होत तो घडला, असे मानले जाते. बांधा लहान, खूर कणखर, खाणे कमी आणि दिवसभर चालण्याची तयारी. मराठ्यांच्या घोडदळाला असाच घोडा हवा होता. तोफा आणि मोटारी आल्या, घोडदळे गेली. घोडा मात्र धनगरांच्या बिऱ्हाडांसोबत टिकून राहिला. दिवाळीनंतर बारामती, फलटण, पुरंदर भागातले मेंढपाळ कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या वाटेवर पाल, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी कधी घरातले लहान मूलही घोड्याच्या पाठीवर असते.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने या घोड्याची जात म्हणून नोंद केली, तेव्हा मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती आणि झंस्कारी यांच्या पंक्तीत तो आठवा ठरला. महाराष्ट्रातल्या घोड्याला या यादीत जागा मिळण्याची ही पहिलीच वेळ.

मग हा घोडा रानटी आहे का?

नाही. प्रत्येक भीमथडीला मालक आहे. पण तो पागेत बांधलेला नसतो. पुढच्या पायांना पायबंद घालून त्याला माळावर सोडतात आणि कधी दोन-तीन वाड्यांचे घोडे एकत्र चरतात. दुरून पाहणाऱ्याला कोणता घोडा कोणाचा, हे कळत नाही. म्हणजे पाहणाऱ्यापुढची अडचण रानटी कळपासारखीच.

तसे पाहिले तर मस्टँगही मुळात रानटी नव्हे. स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत नेलेले आणि पुढे सुटून मोकाट झालेले घोडे हे त्याचे पूर्वज. त्यात नंतर सैन्याच्या आणि शेतकऱ्यांच्या घोड्यांची भर पडली. भारतात असे मोकाट घोडे आसामच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात आणि तमिळनाडूतल्या कोडियाकराई अभयारण्यात आहेत. पुण्याच्या आसपास मात्र मोकाट कळप नाहीत. इथे आहे तो मोकळ्यावर चरणारा पाळीव घोडा.

नर घोडा दुरून कसा ओळखतात?

शरीराची खूण सर्वात सोपी, पण शंभर पावलांवरून, उंच गवतात ती दिसेलच असे नाही. म्हणून आधी मान पाहतात. वयात आलेल्या नराची मान वरच्या बाजूला कमानीसारखी जाड होते, जबडा रुंद भरतो. घोडी त्या मानाने हलक्या मानेची. पण खात्री पटते ती वागण्यावरून.

मस्टँगच्या कळपात साधारणपणे एक प्रमुख नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असतात. सिनेमात हा नर सगळ्यांच्या पुढे धावताना दिसतो. प्रत्यक्षात कळप हलतो तेव्हा पुढे अनेकदा एखादी जाणती घोडी असते आणि नर मागे किंवा बाजूला राहतो. घोड्या रेंगाळल्या की तो मान जमिनीलगत सापासारखी लांब करतो, कान मागे पाडतो आणि त्यांना हाकतो. एवढी एक हालचाल दिसली, तरी निरीक्षक वहीत ‘नर’ लिहून मोकळे होतात. दुसरी खूण लिदेची. नर एकाच जागी पुन्हा पुन्हा लीद टाकतात. आधीच्या ढिगाचा वास घेतात आणि त्यावर आपली भर घालतात. पायवाटांच्या कडेला असे ढीग साचतात. तिसरी खूण, घोडीच्या मुताचा वास घेऊन वरचा ओठ उलटा वळवून उभे राहणे. हे घोड्याही अधूनमधून करतात, पण नर जास्त करतो.

कळपाबाहेर हाकलले गेलेले तरुण नर मिळून वेगळे टोळके करतात. दिवसभर लुटुपुटीच्या मारामाऱ्या, चावाचावी, मागच्या पायांवर उभे राहणे. कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाला हेच सर्वात देखणे वाटते आणि त्याचे सगळे फोटो याच टोळक्याचे निघतात. ज्याची नोंद हवी, तो कळपाचा नर तिकडे शांतपणे चरत असतो.

माळावरच्या भीमथडीत मात्र कळपाची ही रचना दिसणार नाही, कारण घोडे किती आणि कोणते ठेवायचे हे मालक ठरवतो. शिवाय मस्टँगबाबत सहसा न येणारी एक शक्यता इथे असते. नर खच्ची केलेला असू शकतो. त्यामुळे नर दिसला म्हणजे तो पैदाशीचाच, असे धरून चालता येत नाही.

एकाच रंगाचे पाच नर असले तर?

रंगावर विसंबणे, ही नवख्याची पहिली चूक. राखाडी घोडा जन्मताना काळपट किंवा तपकिरी असतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. त्यामुळे शिंगराचा फोटो आणि सात वर्षांनंतरच्या घोड्याचा फोटो शेजारी ठेवले, तर ते दोन वेगळे प्राणी वाटतात. थंडीत केस वाढतात, उन्हाने छटा बदलते, मातीत लोळल्यावर सगळेच मातकट दिसतात.

न बदलणाऱ्या खुणा दोन. एक, जन्मजात पांढरे डाग. कपाळावरचा ठिपका गोल आहे की तिरका, नाकापर्यंत आलेला पट्टा मध्येच तुटतो का, कोणत्या पायाचा पांढरा रंग कुठवर चढला आहे. दोन, भोवरे. घोड्याच्या कपाळावर, मानेवर, छातीवर केस गोल फिरून भोवरे तयार होतात. त्यांची जागा आणि दिशा जन्मभर तशीच राहते. एकाही पांढऱ्या केसाचा डाग नसलेला घोडाही भोवऱ्यांवरून ओळखता येतो.

मराठी मुलखाला हे नवीन नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आजही आधी भोवरे पाहते. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला तो पंचकल्याणी, दोन रंगांचे मोठे ठिगळ असलेला अबलख, लालसर अंगाचा आणि काळ्या आयाळीचा कुमाईत. छातीवरचा शुभ भोवरा तो देवमण. यातला शुभ-अशुभाचा भाग सोडून द्यावा. वर्णनाची ही भाषा मात्र नोंदवहीसाठी तयारच आहे. इंग्रजी तक्ते पाठ करण्यापेक्षा मेंढपाळाच्या तोंडचे शब्द टिपून घेतले, तर काम लवकर होईल.

कान फाटलेला असणे, जुन्या चाव्याचा व्रण, पायबंदाने घासून आलेले पांढरे केस या नंतर आलेल्या खुणा. त्या लिहून ठेवाव्यात, पण तारखेसह. कारण पुढच्या वर्षी त्यात भर पडलेली असते.

अमेरिकेत हा खटाटोप कशासाठी?

मस्टँगना १९७१ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. आता पश्चिमेकडच्या दहा राज्यांत घोडे आणि गाढवे मिळून सुमारे ७० हजार मोकाट जनावरे आहेत. सरकारच्या मते त्या जमिनीला झेपतील अशी जनावरे साधारण २६ हजार. म्हणजे तिथला प्रश्न आपल्या नेमका उलटा. आपल्याकडे कमी, त्यांच्याकडे जास्त. पकडलेल्या घोड्याच्या मानेवर डाव्या बाजूला द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या लोखंडाने खूण करतात. तिथले केस पुढे पांढरे उगवतात आणि त्या चिन्हांतून जन्मवर्ष व क्रमांक वाचता येतो.

न पकडलेल्या घोड्यांसाठी डोळे आणि कॅमेरा हाच उपाय. संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी घोड्यांना छोट्या बाणातून गर्भप्रतिबंधक लस देतात. लस कोणत्या घोडीला दिली आणि कोणती राहिली, हे कळण्यासाठी प्रत्येक घोडीची ओळख लागते. नरांच्या नोंदीतून कोणता कळप कोणाच्या ताब्यात गेला, ते समजते. मोंटानातल्या प्रायर डोंगरांत १९९५ मध्ये जन्मलेल्या ‘क्लाउड’ या फिकट रंगाच्या नराचे आयुष्य शिंगरापासून चित्रित झाले, ते अशाच सातत्याच्या निरीक्षणामुळे. मात्र डोळ्यांनाही मर्यादा आहे. डीएनए चाचण्यांत असे दिसले आहे, की कळपात जन्मलेली सगळीच शिंगरे त्या कळपाच्या नराची नसतात.

भीमथडीच्या बाबतीत नरांवरच भर का?

याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. घोडी सुमारे ११ महिन्यांनी एक शिंगरू देते. नर त्याच काळात अनेक शिंगरांचा बाप होऊ शकतो. समजा एका भागात ५०० घोड्या आणि १० नर आहेत. मोजणीत आकडा ५१० भरेल. पण आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात नर आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार चौपट करून त्याला दोघांच्या बेरजेने भागतात. उत्तर येते सुमारे ३९. म्हणजे ५१० घोड्यांचा कळप जवळच्या नात्यातल्या संकराच्या धोक्याबाबत ३९ घोड्यांच्या कळपासारखा वागतो. घोड्या तेवढ्याच ठेवून नर ५० केले, तर हाच आकडा १८० च्या पुढे जातो. (ही उदाहरणादाखल घेतलेली संख्या आहे, प्रत्यक्ष गणना नव्हे.)

त्यामुळे ‘घोडे किती’ यापेक्षा ‘वेगवेगळे पैदाशीचे नर किती आणि कोणते’ हा प्रश्न मोठा ठरतो. एकच नर तीन वाड्यांवर फिरला आणि तीन वेगळ्या नावांनी लिहिला गेला, तर कागदावर विविधता दिसेल, रक्तात नसेल. दुसरा धोका बाहेरून येणारा. लग्नाच्या वरातीत आणि शर्यतींत उंच, देखणा घोडा चालतो. एखाद्याने उंचीसाठी मारवाडी किंवा काठियावाडी नर लावला, तर दोन पिढ्यांत बांधा बदलतो. त्यात मालकाची चूक नाही, त्याला बाजार पाहावा लागतो. पण नोंद नसेल, तर हे घडल्याचेही कळणार नाही.

देशातली घोड्यांची संख्या आधीच झपाट्याने घटली आहे. २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख असलेले घोडे आणि तट्टू २०१९ मध्ये सुमारे ३.४ लाखांवर आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल करून घोडा, गाढव आणि उंटांच्या रेतन केंद्रासाठी व मूळ पैदास केंद्रासाठी १० कोटी रुपयांच्या साह्याची तरतूद केली. अशा केंद्रात भीमथडीचा नर जायचा असेल, तर तो कोण, त्याचे आईबाप कोण, हे आधी विचारले जाईल.

मग नोंद ठेवायची कशी?

गंमत अशी, की घोड्यांच्या नोंदीची देशातली सर्वात काटेकोर व्यवस्था पुण्यातच आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची वंशावळ ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ही संस्था इथून काम करते. थरोब्रेड शिंगराचे पांढरे डाग आणि भोवरे आराखड्यावर काढले जातात, डीएनएवरून आईबाप पडताळले जातात. त्याशिवाय तो घोडा शर्यतीत उतरत नाही. तिथून दोन तासांच्या अंतरावर माळावर चरणाऱ्या भीमथडीची वंशावळ मालकाच्या डोक्यात असते. ती बहुतेकदा पक्कीही असते, पण ती मालकाबरोबरच संपते.

गाई-म्हशींच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो. घोड्याला तो लावत नाहीत. त्याच्यासाठी मानेत बसवायची १५ अंकी मायक्रोचिप वापरतात. ती येईपर्यंत साधा मोबाइल पुरतो. एका नराचे सहा फोटो हवेत. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून कपाळ, मागून, चारही पायांचा जवळचा आणि मानेवरच्या भोवऱ्यांचा. दोन्ही बाजू महत्त्वाच्या, कारण आयाळ एका बाजूला पडते आणि त्याखालचा भोवरा झाकला जातो. आयाळीतले मुळासकट उपटलेले थोडे केस कागदी पाकिटात ठेवले, तर पुढे डीएनए चाचणीसाठी तेवढे चालतात; ते मात्र मालकाच्या हाताने आणि त्याच्या संमतीनेच काढावेत. खच्ची आहे का, गेल्या वर्षी कोणत्या घोड्यांना लावला, कोणाकडून घेतला, ही माहिती कोणत्याही फोटोत येत नाही. ती विचारावीच लागते.

मस्टँग पाहणाऱ्यांना किमान १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर अंतर ठेवायला सांगतात. पुण्याच्या माळावर हे अंतर घोड्याआधी वाड्याची कुत्री ठरवतात. लांडगा हाकलायला पाळलेली ही कुत्री कॅमेरा आणि काठी यांत फरक करत नाहीत. गाडी रस्त्यावर ठेवून लांबूनच हाक द्यावी, माणूस पुढे आला की मग जावे. ठिकाणासह फोटो समाजमाध्यमांवर टाकू नये, बिऱ्हाड उघड्यावर असते. वेळ निवडायची तर पावसाळ्यानंतर, कळप कोकणाकडे निघण्याआधीची. तेव्हा घोडे गावाजवळच्या माळावर असतात आणि मालकाला बोलायला थोडी सवड असते.